गंधकाचं बेट

धुतलेल्या शर्टालाही एक वास असतो, आणि माझ्या शर्टांना तो गेली चौदा वर्षं गंधकाचा आहे. सुनंदा, माझी पत्नी, माझे कपडे वेगळ्या बादलीत भिजवते, दोनदोनदा खळबळून काढते, बाल्कनीतल्या दमट उन्हात उलटसुलट करून वाळवते, आणि एवढं करूनही इस्त्रीची वाफ लागली की सुताच्या आत दडून बसलेला तो वास हलकेच वर येतो: ओल्या काडेपेटीचा, दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी अंगणात उरलेल्या फटाक्यांचा, थोडासा नासक्या अंड्याचा. ती नाक मुरडते आणि शर्ट हँगरला लावून टाकते. मला तो वास केव्हाचाच येईनासा झाला आहे.

सिंगापूरच्या जुरोंग आयलंडवर एका तेलशुद्धीकरण कारखान्यात गंधक वेगळं काढणारं एक युनिट माझ्या ताब्यात आहे. तेलातून सुटणारा विषारी वायू आम्ही जाळतो, आणि त्यातून मधासारखं पिवळंधमक, वाहतं गंधक नळ्यांमधून पुढे ढकलतो. नव्या माणसाला पहिल्या दिवशी पहिला धडा मीच देतो. तो वायू थोडा असला तर नाकाला झोंबतो, पण फार झाला की आधी नाकच बधिर करतो. म्हणून वास यायचा थांबला की हवा शुद्ध झाली असं मानायचं नाही, छातीवर लावलेल्या मीटरकडे बघायचं. इतक्या वेळा हे सांगितलंय की आता सांगताना मी दुसराच कसला तरी विचार करत असतो.

तीन आठवड्यांपूर्वी मला वरच्या मजल्यावर बोलावणं आलं. थंडगार खोली, काचेपलीकडे नांगरलेल्या जहाजांची रांग, आणि समोर तीन माणसं, ज्यांच्या आवाजात आजाऱ्याच्या उशाशी बसल्यासारखी मऊ मऊ माया. वर्षअखेरीस माझं युनिट कायमचं बंद होणार होतं. का, याची कारणं पडद्यावर रंगीत आकृत्यांत होती, आणि ती खरीही असतील, मी काही त्यातला तज्ज्ञ नाही. मात्र शेवटच्या दिवसापर्यंत ते सुरक्षित चालायला हवं होतं, माणसं टिकायला हवी होती, आणि रीतसर घोषणा होईपर्यंत ही गोष्ट या खोलीबाहेर जायला नको होती. त्यांनी एक कागद पुढे सरकवला. मी चष्मा पुसला, कागद वाचला आणि मुकाट्याने सही केली. एक प्रश्नसुद्धा विचारला नाही, याची चीड आजही येते.

सही करताना माझ्यापुढे एक कारण होतं, आणि ते खोटं नव्हतं. गंधकाचा स्वभाव मोठा विचित्र. त्याला सतत ऊब लागते. नळीभोवतीची वाफ काही तास कमी पडली की ते आतल्या आत गोठतं, दगड होऊन बसतं, आणि मागे वायूचा दाब चढत जातो. कोणत्या वळणावर गंधक आधी गोठेल, कोणता व्हॉल्व्ह पावसाळी हवेत कुरकुर करतो, हे कागदावर कुठेही लिहिलेलं नाही. ते अकरा माणसांच्या हातांत आहे, आणि त्यातही सगळ्यांत जास्त प्रफुल्लच्या.

प्रफुल्ल बडनेऱ्याचा. मी नागपूरचा. विदर्भातली दोन माणसं समुद्रापार भेटली की नातं जुळायला किती वेळ लागतो? सहा वर्षांपूर्वी मीच त्याची मुलाखत घेतली, मीच त्याला सेरंगूनला पहिला फ्लॅट बघून दिला, आणि त्याच्या लग्नानंतर रोहिणी इथे आली तेव्हा विमानतळावर तिला घ्यायला त्याच्याबरोबर आम्ही दोघंही गेलो होतो. तो मला सर म्हणतो, पण त्या सरमध्ये थोरल्या काकाचा मान असतो. रोहिणीला आता पाचवा महिना आहे. आणि आम्ही सगळे इथे ज्या पासवर राहतो तो नोकरीला बांधलेला. नोकरी सुटली की थोडक्या दिवसांत गाशा गुंडाळायचा, मग घरात पाळणा टांगलेला असो नाहीतर नसो.

सहीला आठवडा झाला असेल, कँटीनमध्ये तो माझ्यासमोर येऊन बसला. ताटातला भात चमच्याने उगाच इकडून तिकडे करत म्हणाला, "सर, याच आयलंडवर दुसऱ्या एका प्लँटकडून ऑफर आली आहे. पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारपर्यंत उत्तर द्यायचंय. तुम्ही म्हणाल तसं करतो."

तुम्ही म्हणाल तसं करतो. आपल्या माणसांची ही जी सवय आहे ना, तिचा मला आता मनस्वी राग येतो. माझ्या युनिटमधला तामिळ फोरमन असं काही विचारायला आला असता तर माझं मत त्याने दहा मतांपैकी एक म्हणून ऐकलं असतं. चिनी पोरगी असती तर तिने विचारलंच नसतं, सरळ राजीनामा ठेवला असता. आपण मात्र वडीलधाऱ्यासमोर जाऊन अख्खं आयुष्य त्याच्या ओंजळीत ठेवतो आणि निश्चिंत होतो, आणि त्या ओंजळीला भोक असू शकतं हा विचार आपल्या मनाला शिवतदेखील नाही. मीही माझ्या साहेबांशी असाच वागलो होतो, नाहीतर त्या खोलीत प्रश्न विचारला नसता का?

मी त्याला म्हणालो, "थांब. तुझ्याशिवाय युनिट चालायचं नाही."

या वाक्यात एकही अक्षर खोटं नव्हतं. त्याचा चेहरा उजळला. त्याला ती शाबासकी वाटली, आणि मी ती तशी वाटू दिली.

त्याच दिवसांत आमच्या घरात एक जपानी सेनापती राहायला आला. यशोधरा, आमची पंधरा वर्षांची लेक, तिला इतिहासाच्या तासाला एका सेनानायकावर निबंध लिहायचा होता, तो चांगला नेता होता की नाही यावर. मैत्रिणींनी जिंकलेले लोक वाटून घेतले, आणि यशूने, मुद्दामच की काय, एक हरलेला निवडला. इथे जपानी सेनापती निवडणं ही साधी गोष्ट नव्हे. दुसऱ्या महायुद्धात जपानी सैन्याने इथे फार अत्याचार केले, आणि या शहरात अजून अशी घरं आहेत जिथे त्या सैन्याचा विषय निघाला की म्हातारी माणसं जेवणावरून उठतात. पण तिचा माणूस इथला नव्हता. दूर प्रशांत महासागरातल्या एका काळ्या, ओसाड बेटाचं रक्षण त्याच्यावर सोपवलेलं होतं. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण माझं भांडण त्याच्या नावाशी नाही.

ते बेट ज्वालामुखीचं होतं, आणि तिथली जमीन गंधक ओकत होती. हे वाचलं आणि मी यशूच्या शेजारी खुर्ची ओढून बसलोच. रोज संध्याकाळी, बाल्कनीबाहेरचा प्रकाश पिकल्या पपईच्या रंगाचा होऊन झपाट्याने विझत असताना (इथे संध्याकाळ रेंगाळत नाही, दिवा मालवल्यासारखी संपते) आम्ही बापलेक ते बेट वाचत होतो. जमिनीखाली खणलेले मैलोगणती बोगदे. आत भट्टीसारखी धग, कुदळ मारणाऱ्याला काही मिनिटांतच बाहेर ओढून काढावं लागे. पाणी इतकं अपुरं की तोंड धुणंसुद्धा चैन. सेनापती मात्र सैनिकाच्याच मापाने पाणी घ्यायचा, काठी टेकत रोज प्रत्येक खंदक स्वतः पाहायचा, आणि आवेशाने शत्रूवर धावून जाऊन फुकट मरण्याला त्याने सक्त मनाई केली होती. मदतीला एकही जहाज येणार नाही हे त्याला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. तरी त्याने खणायला सांगितलं.

मी त्या माणसाच्या प्रेमात पडलो, आणि उगाच नाही. दुपारच्या उन्हात, डोक्यावर शिरस्त्राण आणि कोपरापर्यंत हातमोजे घालून मी माझ्या नळ्यांवरून फेरी मारायला लागलो की वाटायचं, हाही एक प्रकार आहे जगण्याचा: शेवट ठाऊक असताना काम चोख करणं. कंपनीच्या बसमध्ये सगळ्यांत शेवटी चढायचं, घामाने थबथबलेल्या माणसाला आपल्या बाटलीतलं पाणी द्यायचं. स्वतःचंच कौतुक करायला दुसऱ्या कुणाचा तरी फोटो हातात लागतो, तसा मला तो लागला होता.

मग पत्रं आली. सेनापती घरी पत्रं लिहायचा, आणि त्यांत युद्ध नावाला असायचं. घराच्या एका खिडकीची फट बुजवायची राहून गेली, धाकटीला खोकला झाला तर कोणता काढा द्यायचा, असलं सगळं घरगुती. मी परत येईन अशी वाट पाहू नकोस, हे मात्र त्याने बायकोला स्पष्ट कळवलं होतं. ते मी तिला दोनदा वाचून दाखवलं. यशू काही हळवी झाली नाही. पेनचं टोपण चावत तिने पान मागे उलटलं आणि इथल्या पोरांच्या मिसळ बोलीत म्हणाली, "बाबा, त्याला माहीत होतं, वाइफला माहीत होतं. जे टनेल खणत होते, त्यांना कोणी सांगितलं का? लाइक दॅट नॉट फेअर, लाह."

मी तिच्यावर खेकसलो. युद्धात असं प्रत्येकाला सांगत बसत नाहीत, सैन्य म्हणजे काही तुमचा व्हॉट्सअॅप ग्रुप नाही, निबंध लिहायचा तर शिस्तीत लिही. ती माझ्याकडे चकित होऊन पाहत राहिली. इतका वेळ मीच तर तिला उत्साहाने पानं उलटून दाखवत होतो. स्वयंपाकघरात सुनंदाचं पोळी लाटणं थांबलं होतं. तिला मी सहीच्या दिवशीच, घरी येताच, चप्पल काढायच्या आत सगळं सांगितलं होतं.

त्या दिवसापासून मला तो सेनापती सोसवेना. त्याचं ते समान पाणी, ती काठी, ती हळवी पत्रं. सगळ्यांत मला एक बनेलपणा दिसायला लागला. पाणी सारखं वाटलं, पण खबर सारखी वाटली नाही. पुस्तकांत मी शोधलं, इंटरनेटवर शोधलं. कुणी म्हणत होतं सैनिकांना अंदाज होताच, कुणी म्हणत होतं त्यांची घरची पत्रं तपासूनच पुढे जायची. अंदाज असणं आणि आपल्या माणसाने समोर बसून सांगणं यात फरक आहे, एवढं मला त्या पुस्तकांपेक्षा जास्त कळत होतं. चिडचिड मात्र मी घरच्यांवर काढत होतो. आमटीत मीठ जास्त, एसीचा आवाज जास्त, यशूचं मराठी अगदीच बिघडलेलं. शेवटी एका सकाळी डबा हातात देताना सुनंदा म्हणाली, "अहो, आमटीला कशाला बोल लावता? त्या पोराला सांगून टाका एकदाचं."

सांगितलं तर काय होईल, याचा हिशोब मी बसमध्ये रोज मांडायचो. प्रफुल्ल गेला तर उरलेल्या दहाजणांत युनिट शेवटपर्यंत चालवणं धोक्याचं, त्यात कुणाला इजा झाली तर ती माझ्या माथी. सही मोडली तर मीच उद्या घरी, आणि यशूची शाळेची परीक्षा तोंडावर. न सांगितलं तर काय होईल, याचा हिशोब मात्र मी कधी पुरा मांडला नाही. सोमवार अजून लांब आहे, बघू, एवढ्यावर दर वेळी तो थांबायचा.

त्या सोमवारच्या आदल्या रविवारी बुद्धवंदना प्रफुल्लच्याच घरी होती. आम्ही सात-आठ बौद्ध कुटुंबं महिन्यातून एकदा आळीपाळीने कुणाच्या तरी फ्लॅटमध्ये जमतो. टेबल भिंतीशी सरकवलेलं, पांढऱ्या कापडावर बुद्धमूर्ती, शेजारी बाबासाहेबांचा फोटो, पुढे मेणबत्त्या आणि सेरंगूनच्या बाजारातून आणलेली ओली शेवंती. खालून हॉकर सेंटरच्या खाण्याच्या गाळ्यांमधल्या तळणाचा खरपूस वास, आतून रोहिणीच्या खिरीतल्या वेलचीचा, आणि दाराबाहेरच्या बुटांच्या रॅकवरून दमट चामड्याचा, असे तीन वास त्या लहानशा खोलीत एकमेकांना चिकटून उभे होते. वयाने मोठा म्हणून पंचशील म्हणायचा मान गेली नऊ वर्षं माझा. मी एक ओळ म्हणायची, बाकीच्यांनी मागून म्हणायची.

पहिलं शील झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. चौथं खोटं न बोलण्याचं. ते पाली शब्द मला लहानपणापासून पाठ आहेत, झोपेतून उठवलं तरी म्हणेन. पण जीभ टाळूला चिकटली. वीस-पंचवीस माणसं हात जोडून, डोळे मिटून माझ्या पुढच्या शब्दाची वाट पाहत होती. कुणीतरी खाकरलं. मेणबत्तीचं मेण वितळून बशीत गळत होतं, पिवळसर, आमच्या गंधकासारखं. आणि माझ्या उजव्या हाताला बसलेल्या प्रफुल्लला वाटलं, सर विसरले. माझी लाज राखावी म्हणून त्याने अगदी हळू आवाजात ती ओळ मला सुचवली.

मी त्याच्यामागून ती म्हणालो. मग सगळे माझ्यामागून म्हणाले. पाचवं शील कसं म्हटलं ते मला आठवत नाही.

वंदना संपल्यावर मी त्याला बाहेर, बुटांच्या रॅकपाशी घेऊन गेलो. कॉरिडॉरमध्ये कुणाच्या तरी कुंडीतला कढीपत्ता वाऱ्याने हलत होता. मी इकडचं तिकडचं काही बोललो नाही. युनिट वर्षअखेर बंद होतंय, मला तीन आठवड्यांपासून माहीत आहे, तुला थांब म्हणालो तेव्हाही माहीत होतं, उद्या सोमवार आहे, ती नोकरी घे. एवढं सगळं एका दमात सांगितलं आणि त्याच्या तोंडाकडे न बघता रॅकवरच्या त्याच्या बुटांकडे पाहत उभा राहिलो.

रॅकवरून घसरलेला कुणाचा तरी बूट त्याने उचलून जागेवर ठेवला. मग म्हणाला, "सर, ती तर मी त्याच संध्याकाळी नाकारली. तुम्ही थांब म्हणालात, मग म्हटलं, त्या लोकांना उगाच ताटकळत कशाला ठेवायचं? त्यांनी लगेच दुसरा माणूस घेतला."

त्याच संध्याकाळी. म्हणजे मी ज्या सोमवारच्या आधाराने रोज स्वतःला मुदतवाढ देत होतो, तो सोमवार कँटीनमधली ताटं उचलली गेली तेव्हाच उलटून गेला होता. दोन आठवडे मी एका बंद दारासमोर उभा राहून ते उघडावं की नाही याचा विचार करत होतो. मला त्याचा राग आला, खरंच आला. इतकी कसली रे सभ्यता, चार दिवस कळ काढली असतीस तर काय बिघडलं असतं, असं ओठांवर आलं होतं. मग तो राग खरा कुणावरचा आहे ते माझं मला कळलं. माफ कर, म्हणालो. तो म्हणाला, "रोहिणीला आज नको सांगायला. पाहुणे जाऊ द्या." आणि आत गेला. दोन मिनिटांनी खिरीची पहिली वाटी घेऊन तोच बाहेर आला, कारण पहिली वाटी वडीलधाऱ्याला द्यायची असते. मी ती उभ्या उभ्या संपवली.

त्या रात्री यशूने निबंध पुरा करून मला वाचायला दिला. सेनापती शूर होता, न्यायी होता, दूरदृष्टीचा होता, हे सगळं मी सांगितलेलं तिने इमानेइतबारे उतरवलं होतं. शेवटच्या परिच्छेदात मात्र तिचा तो जुना प्रश्न तसाच होता, आणि त्याखाली उत्तराची जागा कोरी. मी तिला म्हणालो, राहू दे तशीच.

सोमवारी सकाळी कंपनीची बस नेहमीच्या वेळी आली. पूर्वेला नुकतं तांबडं फुटत होतं, आणि पुलापलीकडे आयलंडच्या धुराड्यांवरच्या ज्योती त्या उजेडात फिकट पडत चालल्या होत्या. प्रफुल्लने रोजच्यासारखी खिडकीची जागा माझ्यासाठी धरून ठेवली होती. त्याचे डोळे सुजलेले होते. रोहिणीला त्याने सांगितलं होतं म्हणे, पहाटे.  आसपास आमची बाकीची दहा माणसं नेहमीसारखी पेंगत होती, कुणाचं डोकं काचेला टेकलेलं, कुणाचं शेजाऱ्याच्या खांद्यावर, प्रत्येकाच्या मांडीवर घरचा डबा.

प्रफुल्ल त्यांच्याकडे वळून पाहत होता. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "सर, ह्यांना कधी सांगायचं?"

ह्यांच्यातही कुणीतरी परवा एखादी ऑफर नाकारली असेल, हे माझ्या मनात तेव्हा पहिल्यांदाच आलं. चेकपोस्ट आलं, बस थांबली, दिवे लागले. एकेक जण दचकून जागा झाला आणि खिशातला पास काढून हातात धरून बसला. मी सीटच्या पाठीला धरून उठलो आणि त्यांच्याकडे तोंड करून उभा राहिलो.